किलोमीटर नको, सर्कलं मोजा

मागच्या अंकात उन्हाळी भाज्यांबद्दल लिहिताना मी सहज लिहून गेले, की बडोद्यातल्या खंडेराव मार्केटला मी अजून सायकलनेच जाते. भाज्या राहिल्या बाजूला, पत्रं आली ती सगळी सायकलीची. कुणी कौतुक केलं. एका गृहस्थांनी ‘या वयात हे शोभतं का’ असं विचारलं आहे. (शोभतं. दांडिया बाजारात येऊन बघून जा.) तेव्हा या वेळी लोणची, सासवा-सुना आणि भाडेकरू यांना सुट्टी. तीन पत्रं घेतली आहेत, बाकीच्यांचे प्रश्न या तिघांत येऊन जातात.

प्रश्न : मी ४६ वर्षांची, वासणा रोडला राहते. लग्नाआधी पुण्यात कॉलेजला सायकलने जायची. आता २४ वर्षांनी मुलाची गिअरची सायकल बाहेर काढली. पहिल्याच दिवशी सर्कलवर एक रिक्षा अशी काही समोरून कापून गेली, की मी उतरले आणि सायकल हातात धरून घरी चालत आले. यजमान म्हणतात, एवढी हौस असेल तर जिममधली सायकल चालव. बडोद्यात निवांत सायकल चालवावी अशी जागा उरली आहे का हो? गुडघे दुखतात ते आणखी वेगळंच.

उत्तर : चालत आलात त्याची लाज कशाला? माझी चाळीसच्या वर वर्षं सायकलवर गेली. बँकेतली अख्खी नोकरी सायकलवरून केली. तरी चकली सर्कल मी आजही उतरून, पायी ओलांडते. मागून हॉर्न वाजतात. वाजू देते.

तुमच्या बाबतीत झालं त्यात नशिबाचा संबंध नाही, ती सर्कलची करणी. सरळ रस्त्यावर सगळे एकाच दिशेने चाललेले असतात, मागच्याला तुम्ही दिसता, फार तर तो खेटून जातो आणि आपण मनातल्या मनात दोन शब्द देतो. सर्कलमध्ये आपण घाबरून डाव्या कडेने फिरतो. आतल्या बाजूने फिरणाऱ्या रिक्षाला बाहेर पडायचं असतं आणि बाहेर पडायचा रस्ता आपल्या डावीकडे. म्हणजे ती आपल्या पुढ्यातूनच जाणार. आपल्याला वाटतं आपण कडेला आहोत, सुखरूप आहोत, आणि आपण नेमके तिच्या वाटेत असतो. बडोद्यात सर्कलांना तोटा नाही. म्हणून कुणी मला ‘किती किलोमीटर चालवता’ विचारलं की मी म्हणते, किलोमीटर नको, सर्कलं मोजा.

माझा त्याचा हिशेब ठरलेला आहे, बँकेतली सवय. निघण्याआधी रस्त्याचे पैसे मोजायचे. डावं वळण फुकट. सिग्नलचा चौक सरळ पार करायचा तर एक पैसा. उजवं वळण दोन पैसे. सर्कल पाच पैसे. जाऊन-येऊन दहा पैशांच्या वर गेला तर तो रस्ता रद्द, मग त्यावर कितीही सावली असो. असा हिशेब केला की एक गोष्ट कळते. अर्ध्या तासाचा चांगला रस्ता बहुतेकांच्या घराजवळच असतो, फक्त तो सरळ नसतो, गोल असतो. सगळी वळणं डावी घेतली की आपण जिथून निघालो तिथेच येतो आणि मोठा रस्ता ओलांडावा लागतच नाही. देवळात प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला असतो, सायकलवर सोसायटी डाव्या हाताला ठेवायची.

तेव्हा पहिले पंधरा दिवस वासणा रोडवर यायचंच नाही. आतल्या सोसायट्यांच्या रस्त्यांवर फिरायचं. कंटाळा येईल. येऊ द्या. या पंधरा दिवसांत शिकायचं ते एकच, मागे वळून बघणं. माणूस तोल विसरत नाही, पण उजव्या खांद्यावरून मागे बघताना हँडलही उजवीकडे जातं, आणि नेमक्या त्याच वेळी मागून कुणीतरी येत असतं. मुलाला पाठीमागे उभं करा. रस्त्याची कड धरून सरळ जा, मागे बघा आणि त्याने किती बोटं दाखवली ते ओरडून सांगा. सायकल कडेपासून हलली नाही आणि बोटं बरोबर आली, की झालात तयार. शेजारपाजारचे हसतील. माझ्या वेळी वाड्यातले सगळे जिन्यात येऊन उभे राहिले होते, कारण मी वडिलांच्या उंच सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून कैची चालवत होते आणि परकर चेनमध्ये अडकला होता.

मग एखाद्या रविवारी यजमानांना उठवा. ओल्ड पादरा रोड सिग्नलला पायी पार करा आणि अलकापुरीच्या आतल्या गल्ल्यांत या, अरुणोदय सोसायटीच्या बाजूला. झाडं मोठी आहेत, रस्ते शांत आहेत. तिथे धोका एकच, उभ्या केलेल्या गाड्यांचा. कडेच्या मोटारीपासून तिचं दार पूर्ण उघडेल एवढं अंतर ठेवून चालवा. आत डोकं दिसलं तर हात ब्रेकवर. चालत्या मोटारीपेक्षा मला उभ्या मोटारीची भीती जास्त वाटते, चालती निदान हॉर्न देते.

माझी सगळ्यात लाडकी जागा मात्र रेल्वेच्या पलीकडे, प्रतापगंज. युनिव्हर्सिटीच्या अंगाला, सकाळी जवळजवळ रिकामं. पण तिथे यायला रूळ ओलांडावे लागतात. रेल्वेने आपलं गाव मधोमध चिरलं आहे आणि ओलांडायच्या जागा मोजक्या, त्यामुळे प्रत्येक पुलावर आणि गरनाळ्यात (रुळांखालच्या बोगद्यात) अख्खं बडोदं एकवटतं. तुमच्या बाजूने अकोटा-दांडिया बाजार पूल बरा, सौर पॅनेलच्या छताचा. रविवारी सातच्या आत तिथून निघून जायचं. चढ आहे, दम लागला तर उतरायचं.

कमाटीबागेत सायकल चालवायची असं मात्र मनात आणू नका. सयाजीरावांनी १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी ही बाग लोकांसाठी केली आणि सकाळी ती चालणाऱ्यांची असते. फाटकाशी सायकलला कुलूप लावा, आत एक फेरी पायी मारा, बाकावर बसून थर्मासातला चहा प्या. इतक्या लांब येऊन न बसता परत जाण्यात काय अर्थ आहे!

वेळ ठरवताना घड्याळाच्या आधी उजेड बघा. मे महिन्यात सहाला उजाडलेलं असतं आणि आठनंतर ऊन टोचतं. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या पुढे येतो, तेव्हा उन्हाळ्यातली सहाची वेळ हिवाळ्यात तशीच चालवलीत तर अंधारात सापडाल. वर्षातल्या सगळ्यात मोकळ्या सकाळी कुठल्या म्हणाल, तर नवरात्रातल्या. गाव रात्री गरबा खेळून झोपलेलं असतं. त्या नऊ दिवसांत मी सकाळी राजासारखी फिरते.

गुडघ्यांचं. मुलाची सायकल काढली आणि तशीच चढलात ना? बहुतेक सीट खाली आहे. पाय पटकन टेकावा म्हणून नवी माणसं सीट खाली ठेवतात, आणि मग गुडघा प्रत्येक फेरीला अर्धाच उघडतो. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा ठेवलात की गुडघ्यात जरासा बाक राहतो, तेवढाच हवा. दुखणं गुडघ्याच्या पुढच्या बाजूला असेल तर सीट बहुधा खाली, मागे ओढ बसत असेल तर फार वर. पाय जमिनीला पुरा टेकणार नाही, थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, हे दोन दिवसांत जमतं. गिअर हलका ठेवा. जोर लावून हळू पेडल मारण्यापेक्षा हलकं आणि भरभर मारलेलं गुडघ्याला मानवतं. सूज असेल तर मात्र आधी डॉक्टर, मग मी. आणि चाकात हवा भरा. किती भरायची ते टायरच्या कडेवर उमटवलेलं असतं. आमच्या कोपऱ्यावरचे पंक्चरवाले भाई मला लांबून बघूनच सांगतात, ‘बेन, हवा ओछी छे’, म्हणजे हवा कमी आहे. निम्मा दम तिथेच जातो.

यजमानांना सांगा, जिममधल्या सायकलवरून सेव-उसळ खायला जाता येत नाही.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे, १२ वर्षांची. शाळा घरापासून अडीच किलोमीटर, कारेलीबागेतच. मैत्रिणी सायकलने जातात म्हणून तिलाही जायचं आहे. तिची आजी मांजाने गळा कापेल इथपासून मगर येईल इथपर्यंत सगळी कारणं देऊन झाली. आम्ही दोघंही नोकरीला. पाठवावी की व्हॅन चालू ठेवावी?

उत्तर : आजींना हसू नका. दोन्ही गोष्टी बडोद्यात खऱ्या आहेत, फक्त त्यांचे दिवस ठरलेले आहेत.

मांजाचे दिवस डिसेंबरच्या शेवटापासून. लोक समजतात उत्तरायण (आपली संक्रांत) आणि दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायण झाली, १५ जानेवारी गेली की संपलं. माझ्या गळ्याशी दोरा आला तो २० तारखेनंतर. रावपुऱ्यातून येत होते. कापलेल्या पतंगाचा दोरा लिंबाच्या फांदीतून विजेच्या खांबापर्यंत लोंबत राहिला होता, उन्हात दिसतसुद्धा नाही. आधी हँडलच्या टोपलीत अडकला म्हणून बचावले, मफलरला मात्र सुरीने चिरल्यासारखी चीर पडली. नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून राष्ट्रीय हरित लवादाची बंदी आहे. पण झाडावर अडकलेल्या दोऱ्याला कायदा कुठे वाचता येतो! म्हणून जानेवारी संपेपर्यंत गळ्याला दोन वेढ्यांचा जाड रुमाल, वेग कमी, आणि १३ ते १६ तारखेला सायकल घरात. स्कूटरवाले हँडलला तारेची कमान लावतात, ती सायकललाही बसवून मिळते, जरूर लावा.

मगरीचे दिवस म्हणजे पुराचे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीतल्या मगरी रस्त्यांवर आणि घरांच्या अंगणात आल्या होत्या, हे आजींनी डोळ्यांनी बघितलं असणार. पण खरं सांगू? त्या पाण्यात मगरीपेक्षा खड्डा आधी भेटतो. माझा अनुभव ऐका. माझी बदली अलकापुरीच्या शाखेत झाली होती. जुलै महिना, रात्रभर पाऊस. अलकापुरीचं गरनाळं दर पावसाळ्यात भरतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, मला तर होतंच. पण वेळेवर पोचायचं होतं आणि पाणी घोट्याएवढंच दिसत होतं. घोट्याएवढं ते कडेला होतं. मध्ये गेल्यावर पेडल बुडालं, पुढचं चाक कशात तरी गेलं आणि मी हँडलवरून पाण्यात. एक चप्पल गेली. डबा तरंगत पुढे चालला होता, तो एका हातगाडीवाल्याने आणून दिला. त्या दिवशी मी ओल्या साडीत पाच वाजेपर्यंत पासबुकं भरली. तेव्हापासून नियम : रस्त्याचा तळ दिसत नसेल तर त्या पाण्यात चाक घालायचं नाही. पोरीला हा नियम मान्य नसेल तर पावसाळ्याचे तीन महिने व्हॅन. मान्य असेल तरी जोराच्या पावसात व्हॅनच.

उरलेल्या दिवसांसाठी पाठवा. पण आधी तीन फेऱ्या तुम्ही स्वतः सायकलने तिच्याबरोबर जा. भाड्याने आणा, शेजाऱ्याची मागा, पण स्कूटरने मागे मागे जाऊ नका. स्कूटरवरून तो रस्ता दिसतच नाही. पहिल्या रविवारी तुम्ही पुढे, ती मागे. दुसऱ्या रविवारी ती पुढे आणि तुम्ही गप्प. हे गप्प बसणं आईबापांना जमत नाही, तरी बसा. तिसरी फेरी शाळेच्या दिवशी, शाळेच्या वेळेला, एक दिवस रजा काढून. अमित नगर सर्कल वाटेत येत असेल तर काहीही करून टाळा. अमदावादला जाणाऱ्या गाड्या तिथे प्रवासी घ्यायला थांबतात, कुठली कधी हलेल याचा नेम नाही. आतून जाऊन अडीचाचे साडेतीन किलोमीटर झाले तर होऊ देत.

सिग्नलला उभ्या असलेल्या बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या बाजूला शिरायचं नाही, हे तिच्याकडून रोज म्हणून घ्या, शुभंकरोतीसारखं. ड्रायव्हर वर बसलेला असतो, त्याला खाली डावीकडचं काही दिसत नाही, आणि तो डावीकडे वळला की मागचं चाक आतून जातं. रिकामी जागा दिसली की मुलं तिथेच घुसतात.

आणि सगळ्यात वाईट जागा कुठली, तर शाळेचं फाटक. सुटताना तिथे आईबापांच्या गाड्या उलट्यासुलट्या लागलेल्या असतात. तिला सांगा, फाटकापासून शंभर पावलं सायकल हातात धरून चालायचं, मग चढायचं. दप्तर पाठीवर नको, कॅरिअरला घट्ट बांधा, जड पाठीने तोल जातो. गाय दिसली तर तिच्या मागून जायचं, आणि गाय-वासराच्या मधून तर कधीच नाही. कुत्रं मागे लागलं तर पळवायची नाही, उतरून सायकल मध्ये धरायची.

आजींना एकदा शाळेच्या वाटेवर रिक्षाने घेऊन जा, नातीला सायकलने येताना बघू द्या. आमच्या आईचा विरोध असाच गेला होता, मला रावपुऱ्यात रिक्षाच्या पुढे निघताना बघून.

प्रश्न : मी मूळ कोल्हापूरचा, वय २७, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत नोकरी. रोज शिफ्ट, रविवार मोकळा. शहरात सायकल चालवून जीव घुसमटतो. तीस-चाळीस किलोमीटरची चांगली फेरी सांगाल का? एक्सप्रेस वे सरळ दिसतो म्हणून विचार करत होतो.

उत्तर : तो विचार तिथेच सोडा. अमदावादच्या एक्सप्रेस वेवर स्कूटरलासुद्धा मज्जाव आहे, सायकलचं काय घेऊन बसलात! हायवेच्या कडेनेही नको, रस्ता सरळ असला तरी ट्रकचा वारा सायकल ओढतो.

सिंधरोटला जा. मकरपुऱ्याहून अंधार सरताना निघालात तर शहर पार करेपर्यंत रस्ते झोपलेले असतात. गोत्री, मग सेवासी, आणि पुढे शेतं. गोत्रीपासून दहा-बारा किलोमीटरवर मही नदी. येताना उशीर झाला तर सर्कलं जागी झालेली असतील, म्हणून नऊच्या आत परत शहरात. नदीत मात्र उतरू नका. पाणी शांत दिसतं म्हणून गेलेली तरुण मुलं दर वर्षी बुडतात. सेवासीला वाटेत सुलतानी काळातली वाव, म्हणजे विहीर, आहे, रस्त्याला लागूनच. तुमच्याकडे विहिरीला पायऱ्या असतात तशी नव्हे, मजले उतरत जातात. दहा मिनिटं द्या.

दुसरी फेरी आजव्याची, शहरापासून वीसेक किलोमीटर, पूर्वेला. सयाजीरावांनी बडोद्याला पाणी मिळावं म्हणून बांधलेला तलाव. हवा स्वच्छ असली की पावागड दिसतो. फक्त हायवे ओलांडावा लागतो, आणि तो पुलाखालूनच. दुभाजकातल्या फटीतून सायकल उचलून नेणारे बघितले आहेत मी, त्यांच्यात जाऊ नका. हिवाळ्यात पक्षी बघायचे असतील तर डभोईजवळचा वढवाणा तलाव, २०२१ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, पट्टकादंब हंसांचे थवे उतरतात. पण तो पन्नासेक किलोमीटर लांब पडतो, पहिल्या वर्षी सायकल टेम्पोत टाकून जा आणि तिथल्या गावरस्त्यांवर चालवा.

बरोबर जादा ट्यूब, पंप, दोन बाटल्या पाणी. मागे लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. आणि कोल्हापूरकर आहात म्हणून मुद्दाम सांगते, सिंधरोटच्या वाटेवर नाश्त्याला मिसळ शोधू नका. गांठिया मिळतील, बरोबर तळलेली मिरची आणि पपईचा संभारा. दोन प्लेट मागवा, एकीत भागत नाही.